मदत हवी आहे : दहा हजार वर्षांचा इशारा आणि आपले गधेगाळ

नमस्कार मंडळी. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबादजवळ, मिठाच्या थरात सुमारे ६५५ मीटर खोल, अण्वस्त्रनिर्मितीतला किरणोत्सारी कचरा १९९९ पासून पुरला जातोय. त्यातल्या प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्यच (निम्मं उरायला लागणारा काळ) २४,००० वर्षांच्या आसपास! वर जमिनीवर इशाऱ्याच्या कोणत्या खुणा ठेवायच्या, यासाठी १९९० च्या दशकात तिथल्या सँडिया या राष्ट्रीय प्रयोगशाळेने तज्ज्ञांचे गट नेमले होते. दगडी काट्यांचं रान, भेदरलेले चेहरे, अनेक भाषांतला मजकूर (नावाहो या तिथल्या मूलनिवासींच्या भाषेतसुद्धा) असं बरंच सुचलं. १०,००० वर्षांनंतरच्या माणसालाही कळावं, इथे खणू नकोस.

यावर मला विद्यार्थ्यांशी बोलायचंय, आणि सारखे आपले गधेगाळ, म्हणजे गाढवाची शिवी कोरलेले जुने दानाचे दगड, डोळ्यांसमोर येतात. वर चंद्रसूर्य, खाली दान मोडणाऱ्याला शिवी. कोकणच्या शिलाहार राजांच्या काळातला तो दगड अजून उभा आहे, पण अक्षरं गावात कुणाला लागत नाहीत; काही ठिकाणी तर त्यालाच शेंदूर फासलाय. म्हणजे दगड टिकला, अर्थ निसटला. मला हे फार अस्वस्थ करतं.

तुमच्या गावात गधेगाळ आहे का? जुनी माणसं त्याच्याबद्दल नेमकं काय सांगतात, हात लावू देतात का? कोकणातल्या मंडळींनी जरूर लिहा. आजीकडून ऐकलेली एखादी ओळही चालेल.