चर्चा: व्हॉट्सअ‍ॅपच्या पुराव्याला तज्ज्ञाची सही कशाला?

तालुकावकील:
भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ला लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावर एकाच्या दोन सह्या झाल्या. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली एक सही पुरायची. आता कलम ६३ मध्ये भाग 'अ' पक्षकाराचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा. हा तज्ज्ञ कोण, ते त्या कलमात नाही.

हातउसन्या पैशांचा साधा दावा घ्या. "पुढच्या महिन्यात देतो" एवढा मेसेज हाच काय तो आधार. तो पुराव्यात वाचून घ्यायचा तर फोनचा मेक, मॉडेल, रंग, आयएमईआय नंबर, हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) सगळं भरा आणि तज्ज्ञ शोधत जिल्ह्याला जा. तज्ज्ञाची फी दाव्याच्या रकमेला परवडली पाहिजे ना! माझं म्हणणं सरळ आहे: समोरच्याने मेसेज नाकारला तरच तज्ज्ञ मागा.

बायनरी:
साफ असहमत. माझ्याच दुसऱ्या नंबरला मी तुमचं नाव देऊन सेव्ह केलं, त्यावरून "पैसे मिळाले, परत करतो" असं स्वतःलाच पाठवलं आणि स्क्रीनशॉट काढला, की तुमच्या नावाचा कबुलीजबाब तयार. दोन मिनिटांचं काम आहे. अशा कागदावर पुरावा म्हणून कोर्टाची निशाणी पडू द्यायची? हॅशमुळे निदान फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी कळतं.

तालुकावकील:
कळतं, पण हॅश काढल्यानंतर बदलला तर! तुमच्या उदाहरणातल्या बनावट स्क्रीनशॉटचीही हॅश व्यवस्थित निघेल आणि शेवटपर्यंत जुळेल. लबाडी पकडायची जागा उलटतपास. नंबर कोणाच्या नावावर आहे, पूर्ण संभाषण कुठे आहे, हे तिथे विचारता येतं. १९७२च्या मलकानी खटल्यात, मुंबईच्या कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) टेपबाबत, सर्वोच्च न्यायालयाने हेच पाहायला सांगितलं होतं: आवाज ओळखता येतो का, टेपमध्ये खाडाखोडीला वाव नाही ना.

जालनाकर:
आमच्या जालन्याचा निकाल विसरू नका. २०१४च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओचा. प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये प्रमाणपत्र सक्तीचंच ठरवलं, पण प्रयत्न करूनही ते न मिळालेल्याला सूट दिली. मूळ उपकरण मालकाने स्वतः साक्षीत हजर केलं तर प्रमाणपत्र नको, हेही त्याच निकालात आहे. मग अडतं कुठे? फोनच हजर करा.

तालुकावकील:
जालनाकर, तो निकाल लागेपर्यंत ती विधानसभा संपून २०१९ची निवडणूकही होऊन गेली होती. आमदारकीच्या उमेदवाराला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढता येतं, हातउसने देणाऱ्याला नाही. आणि फोन कोर्टात ठेवून घेतला तर त्याची बँक, त्याचे ओटीपी, सगळं तिथेच अडकतं.

बायनरी:
वकीलसाहेब, विलंबाचं खापर प्रमाणपत्रावर फोडू नका. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१४च्या अन्वर निकालात ते सक्तीचं, २०१८च्या शफी महंमद निकालात सवलत, अशा गोंधळामुळे प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं. आणि फौजदारी खटल्याचं काय? तिथे माणूस तुरुंगात जातो. पोलिसांनी आणलेली क्लिप आरोपीने नाकारली नाही म्हणून तशीच वाचायची? गरीब आरोपीच्या वकिलाला नाकारायचं सुचेलच याची खात्री कोण देणार?

तालुकावकील:
फौजदारीचा मुद्दा मान्य. तिथे भाग 'ब' राहू द्या, सरकार पक्षाकडे प्रयोगशाळा आहेत. पण दिवाणी दाव्यात सक्ती ठेवायचीच असेल तर प्रत्येक तालुका न्यायालयात सरकारी खर्चाने तज्ज्ञ बसवा.

बायनरी:
तज्ज्ञ बसवा, याला माझा पाठिंबा. तोवर सही वगळा, याला नाही. उसनवारीच्या खोट्या कबुलीवर कुणाचं घर जप्तीला निघालं तर तेही भरून येत नाही.