मुलगी नुसती लाजाळू आहे की ही सोशल अँग्झायटी (लोक आपल्याकडे बघतील, नावं ठेवतील याची तीव्र भीती)? फरक ओळखायचा कसा?

पानगळ
लेक चौदा वर्षांची, नववीत. पहिल्यापासून बुजरीच. लहान असताना पाहुणे आले की माझ्या मागे लपायची, पण अर्ध्या तासात त्यांच्याच मांडीवर बसून गोष्टी सांगत असायची. त्यामुळे काळजी अशी कधी वाटली नाही.

गेल्या वर्षभरात मात्र काहीतरी बदललंय. शाळेतून डबा तसाच परत येतो. विचारलं तर म्हणते, "खाताना सगळे बघतात." उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही, हे तिच्या बाईंनीच सांगितलं. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री पोट दुखतं, आणि ते नाटक नसतं हो, चेहरा पांढरा पडलेला असतो. मैत्रिणीला साधा मेसेज करायचा तरी लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते. शेवटी फोन माझ्याकडे देते, "तूच तिच्या आईला विचार ना." मध्यंतरी वर्गात धडा वाचताना एक शब्द चुकला. कुणी हसलंसुद्धा नाही म्हणे, पण घरी आल्यावर तेच उगाळत बसली, ते पुढचे कितीतरी दिवस.

घरात मात्र तोंडाची टकळी चालूच. धाकट्याशी भांडण, सगळ्यांच्या नकला. सासूबाई म्हणतात, वय आहे, सुटेल आपोआप. नवरा म्हणतो, "मीही असाच भिडस्त होतो, माझं काय बिघडलं?" खरंच बिघडलं नसेल तर उगाच आजाराचं नाव तिला चिकटवायचं नाही. पण ठरवायचं कशावरून?

जुनं खोड
आमच्या वेळी याला मुखदुर्बळ म्हणायचे आणि विषय संपायचा. आता प्रत्येक स्वभावाला एक आजार शोधून ठेवलाय. एखाद्या वक्तृत्व स्पर्धेत नाव देऊन टाका. पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही.

उंबरठा
किशोरवयीन मुलांचं समुपदेशन करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खोडकाकांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. अमेरिकेत 13 ते 18 वयाच्या दहा हजारांहून जास्त मुलांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ निम्म्या मुलांनी स्वतःला लाजाळू म्हटलं होतं, पण त्यांतल्या जेमतेम 12 टक्क्यांना सोशल अँग्झायटीचे निकष लागू पडले. गंमत म्हणजे स्वतःला लाजाळू न म्हणणाऱ्यांमध्येही काही जण या निकषांत बसले. त्यामुळे मूल किती लाजतं यावरून फारसं काही कळत नाही.

मी आधी विचारते, की ओळख झाल्यावर काय होतं? लाजाळू मूल सुरुवातीला कोपरा धरतं आणि मग हळूहळू खुलतं. तुमच्या लेकीचं लहानपण नेमकं असं होतं. आता तिला त्याच वर्गात, रोजच्याच मुलींसमोर डबा खाता येत नाही. ओळखीने भीती कमी होत नाहीये, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुसरं, ती काय काय सोडून देतेय. तुमच्या यजमानांचं उदाहरण घ्या. भिडस्त असतील, पण जेवत होते, परीक्षेला बसत होते, मित्र होते. इथे जेवण सुटलंय, मैत्रिणीशी बोलणं आईमार्फत चाललंय. शिवाय घटनेच्या आधी पोटदुखी आणि नंतर कित्येक दिवस उजळणी. लाजाळूपणात हे शेपूट सहसा इतकं लांब नसतं.

निदानाचे जे निकष वापरतात त्यांत त्रास साधारण सहा महिने किंवा अधिक काळ टिकलेला असावा, त्याने रोजच्या जगण्यात अडथळा यावा किंवा मूल फार त्रासलेलं असावं, आणि लहान वयात तो फक्त मोठ्यांसमोर नाही तर बरोबरीच्या मुलांमध्येही दिसावा, असं धरतात. सुरुवात बहुतेकदा 8 ते 15 या वयातच होते. घरी बडबड करते म्हणून बाहेरची भीती खोटी ठरत नाही.

पण शिक्का मारायच्या आधी दोन गोष्टी पाहा. डब्याच्या सुट्टीत कुणी त्रास देतंय का? तसं असेल तर तिची भीती अगदी रास्त आहे आणि बदलायचं असेल ते शाळेत. आणि वाचताना अक्षरं अडखळतात का, म्हणजे वर्गात वाचायची भीती मुळात वाचनाच्या अडचणीमुळे तर नाही ना, हेही तपासून घ्या.

खोडकाका, आता तुमचं पाणी. पोहायला शिकवणाराही आधी पायरीवर बसवतो. स्पर्धेत परस्पर नाव दिलंत तर ती त्या दिवशी आजारी पडेल आणि तुमच्यावरचा विश्वास जाईल तो वेगळाच. यावर सीबीटी नावाची, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धत चांगली लागू पडते. तिच्यात भीतीला सामोरं जायचंच असतं, फक्त पायऱ्या मूल उपचार करणाऱ्यासोबत मिळून ठरवतं आणि एकेक पायरी पुन्हा पुन्हा करतं. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात.

काठावरचा
मी यातून गेलोय, म्हणून एक सांगतो. मी 'शांत, गुणी मुलगा' होतो, त्यामुळे कुणाला काही दिसलंच नाही. वर्गात मागचा बाक, हातात कायम पुस्तक, म्हणजे कुणी बोलायला येऊ नये. बोलायची वेळ आलीच तर वाक्य मनात घोकून ठेवायचो आणि घोकण्याच्या नादात समोरचा काय म्हणाला तेच निसटायचं. मग माझं उत्तर भलतंच, आणि मग रात्रभर तेच. मला मित्र नको होते असं नाही. हवे होते, खूप हवे होते. तुमच्या मुलीला एकटं राहणं आवडतं की नाइलाजाने राहते, एवढं विचारून बघा. आणि पाहुण्यांसमोर "आमची फार लाजते" असं म्हणू नका, प्लीज.

पानगळ
काल विचारलं. त्रास कुणी देत नाही म्हणाली. "मला त्यांच्यात बसायचं असतं गं, पण माझा चावतानाचा आवाज ऐकू जाईल असं वाटतं," इतकं बोलली आणि उठून गेली. मानसशास्त्रज्ञाकडे यायला तयार आहे, पण अट अशी की आत मी बोलायचं नाही. ते जमेल. पण तोवर ते मेसेजचं काय करू? मी फोन करणं एकदम थांबवू का?

उंबरठा
एकदम नको. "मी लिहिणार नाही, पण तू लिहीत असताना शेजारी बसते," असं तिला आधी सांगून ठेवा. मेसेज दोन शब्दांचा असला तरी चालेल, पण पाठवायचं बटण तिनेच दाबायचं. आणि अट जरूर पाळा. आत गेल्यावर तिने पहिल्या भेटीत तोंडच उघडलं नाही तरी घाबरू नका, तिथल्यांना त्याची सवय असते. ती नक्कल-बिक्कल करते ते मात्र त्यांना आधीच फोनवर सांगून ठेवा, उपयोगी पडेल.