ग्लूटेनमुक्त बेक्ड पास्ता : घरातल्या सर्वांसाठी एकच ट्रे

(आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा; बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांचे घर क्रमांक दिले आहेत.)

बी-४०३ :
सर्वांना नमस्कार. आमच्या धाकट्याला सिलिअ‍ॅक आजार असल्याचे निदान झाल्यापासून, म्हणजे गव्हातले ग्लूटेन नावाचे प्रथिन त्याला चालत नाही असे कळल्यापासून, आम्ही त्याच्या जेवणातला गहू पूर्णपणे बंद केला आहे. भात, भाकरी, घावन, साबुदाण्याची खिचडी हे सर्व तो आवडीने खातो. परंतु शनिवारी रात्री होणाऱ्या, वर चीजचा खरपूस थर असलेल्या बेक्ड पास्त्याची त्याला फार आठवण येते. मका आणि तांदूळ यांचा ग्लूटेनमुक्त पास्ता आता सहज मिळतो, पण तो नेहमीच्या पद्धतीने केला की ओव्हनमधून बाहेर येईपर्यंत त्याचा लगदा होतो आणि सॉस सगळा आटून जातो. आपल्यापैकी कुणी हा पदार्थ नियमित करत असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

ए-६०४ :
सूनबाई, मैदाच नको असेल तर रव्याचा पास्ता आणावा. पाकिटावर ‘शंभर टक्के रवा’ असे छापलेले असते. तो पोटाला हलका पडेल.

ए-२०१ :
आजी, आपला हेतू चांगला आहे, पण रवा हाही गव्हाचाच असतो, आणि पास्त्यासाठी तर डुरम जातीचा कडक, प्रथिने जास्त असलेला गहू मुद्दाम निवडतात. सिलिअ‍ॅक असलेल्या मुलाला मैदा, रवा, दलिया, शेवया, कणीक यांतले काहीही चालत नाही. सातू म्हणजेच जव आणि राय (गव्हासारखे एक धान्य) यांतही त्रासदायक प्रथिने असतात. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या पास्त्यातही बहुतेक वेळा गहूच मुख्य असतो. आपल्याकडे एखाद्या पदार्थावर ‘ग्लूटेन-फ्री’ असे छापायचे असेल तर त्यात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. म्हणून ते शब्द पाकिटावर पाहूनच पास्ता घ्यावा.

बी-४०३ ताई, लगदा होण्याचे कारण तुमच्या हातात नाही, पिठात आहे. गव्हाच्या पास्त्यात ग्लूटेनची जाळी स्टार्चच्या कणांना शिजतानाही धरून ठेवते. मका आणि तांदूळ यांत ती जाळी नसल्यामुळे स्टार्च पाण्यात सुटत राहतो आणि एखाद्या मिनिटाच्या फरकाने पेने (पास्त्याचे नळीसारखे तुकडे) कच्चे असतात ते एकदम गाळ होतात. माझी मुलगी लहान असल्यापासून आमच्या घरी हा पास्ता होतो. त्यामुळे मी खात्रीने सांगू शकते की पाकिटावर जेवढी मिनिटे लिहिलेली असतील, त्याच्या तीन मिनिटे आधी गॅस बंद केला पाहिजे. एक पेने मधोमध कापून पाहावा. आत टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा, कच्चा ठिपका स्पष्ट दिसत असेल तर वेळ बरोबर साधली आहे, कारण उरलेले शिजणे ओव्हनमध्ये सॉसबरोबर व्हायचे असते. २५० ग्रॅम पास्त्याला, म्हणजे चार-पाच माणसांच्या ट्रेला, अडीच ते तीन लिटर खळखळते पाणी आणि दीड मोठा चमचा मीठ घ्यावे. पाणी कमी पडले तर सुटलेला स्टार्च दाट होऊन पेने एकमेकांना चिकटतात. म्हणून पहिली दोन मिनिटे हलक्या हाताने हलवत राहावे. उपसल्यावर ते क्षणभर थंड पाण्याखाली धरावेत आणि चमचाभर तेल चोळून ठेवावेत. गव्हाचा पास्ता असा धूत नाहीत, पण येथे त्याने शिजणे थांबते आणि वरचा बुळबुळीत थर निघून जातो.

आता सॉस. एक किलो पिकलेले टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून, साल सोलून, बारीक चिरून घ्यावेत. दोन कांदे आणि आठ-दहा लसूण पाकळ्या तेलात मऊ होईपर्यंत परतून त्यात किसलेले गाजर घालावे. आपल्याकडच्या टोमॅटोचा आंबटपणा त्याने मोडतो आणि साखर लागत नाही. टोमॅटो घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवावे व शेवटी मीठ, मिरपूड, ओरेगॅनो आणि हाताशी असल्यास बेसिलची पाने घालावीत. पांढऱ्या सॉसमध्ये मैद्याच्या जागी तांदळाची पिठी उत्तम चालते. दोन मोठे चमचे लोण्यावर दोन मोठे चमचे पिठी रंग न बदलू देता दोन मिनिटे परतावी, अर्धा लिटर कोमट दूध थोडे थोडे घालत गुठळ्या मोडाव्यात, आणि सॉस बोटांत घेतल्यावर लागणारी कणी नाहीशी होईपर्यंत, साधारण सहा-सात मिनिटे, तो ढवळत शिजवावा. वर किंचित जायफळ. तांदळाची पिठी मैद्यापेक्षा उशिरा शिजते. ती घाईने उतरवली तर सॉस रवाळ लागतो.

ट्रे ओव्हनमध्ये जाताना मिश्रण जरा जास्तच सरसरीत वाटले पाहिजे. हा पास्ता भाजताना भरपूर ओलावा ओढून घेतो. म्हणून गव्हाच्या पास्त्याला जेवढा सॉस पुरतो त्यात पाऊण ते एक वाटी दूध किंवा पास्त्याचे गाळलेले पाणी वाढवावे. थर लावून झाल्यावर दीडशे ग्रॅम मोझरेला पसरावे, ट्रे फॉइलने झाकून १९० अंशांवर पंधरा मिनिटे ठेवावा, आणि फॉइल काढून आणखी दहा मिनिटे वरचा थर तपकिरी ठिपके येईपर्यंत भाजावा. ब्रेडच्या चुऱ्याऐवजी मी राजगिऱ्याच्या लाह्या वापरते. शेवटच्या दहा मिनिटांसाठी मूठभर लाह्या थोड्या लोण्यात घोळून चीजवर भुरभुरल्या की त्या कुरकुरीत आणि खमंग होतात, आणि मला त्या ब्रेडच्या चुऱ्याहून अधिक आवडतात. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबावे, नाहीतर वाढताना सगळे वाहून जाते.

सी-१०२ :
ताई, आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असतो. सॉसमध्ये त्याऐवजी हिंग घातला तर चालेल का?

ए-२०१ :
हा प्रश्न विचारलात ते फार बरे झाले, कारण घरात गहू सर्वांत नकळत शिरतो तो हिंगाच्या डबीतून. बाजारातला बहुतेक हिंग बांधानी असतो, म्हणजे मूळ हिंग पिठात आणि डिंकात मिसळून तयार केलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. डबीवरचे घटक वाचून तोच घ्यावा. तसा न मिळाल्यास कांदा-लसणाच्या जागी ढोबळी मिरची आणि सेलरीचे देठ मंद आचेवर चांगले परतून घ्यावेत. चव वेगळी येते, पण उणी वाटत नाही.

बी-४०३ :
ताई, मनापासून आभार. तांदळाची पिठी मी कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणते. ती वापरू ना?

ए-२०१ :
ती या मुलासाठी वापरू नये. ज्या जात्यावर दिवसभर गहू दळला जातो, त्याच जात्यावर तांदूळ किंवा ज्वारी टाकली की आधीचे पीठ त्यात मिसळतेच; गिरणीवाल्याने कितीही झाडले तरी ते पूर्ण निघत नाही. त्यामुळे भाकरीच्या पिठाचाही विचार करावा लागेल. पास्त्यापुरती पिठी घरीच करता येते : तांदूळ धुऊन, कापडावर सावलीत वाळवून, मिक्सरमध्ये बारीक करून वेगळ्या चाळणीने चाळावेत. भाकरीसाठी घरगुती आटाचक्की घेऊन ती गव्हासाठी कधीच न वापरणे हा दीर्घकाळाचा सोयीचा मार्ग आहे. थालीपीठाच्या भाजणीतही बहुतेक घरी गहू असतो, तेव्हा भाजणीही वेगळी करावी.

ए-६०४ :
एवढ्याशा पिठाने खरोखरच त्रास होतो का? आमच्या वेळी अंगाला न लागणारा पदार्थ थोडा थोडा देऊन सवय करत असत.

डी-५०१ (डॉक्टर) :
आजी, या आजारात तशी सवय होत नाही. ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते, त्यामुळे अन्नरस शोषणारे सूक्ष्म उंचवटे सपाट होतात आणि मुलाला लोह, कॅल्शियम यांची कमतरता भासते, त्याची वाढ खुंटते. दररोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावरही अस्तराला इजा होते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात दिसले. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये त्याच्या कितीतरी पट ग्लूटेन असते. भट्टीच्या उष्णतेने ग्लूटेन नष्ट होत नाही, म्हणून ‘भाजले की सगळे शुद्ध’ हा समज येथे उपयोगाचा नाही. दुसरे म्हणजे, निदान नुकतेच झालेल्या काही मुलांना आतडे भरून येईपर्यंत काही काळ दूधही पचत नाही. बी-४०३ ताई, पांढऱ्या सॉसनंतर पोट फुगत असेल तर डॉक्टरांशी बोलून काही महिने दूध व चीज कमी ठेवा.

ग्रुपवरील इतरांसाठी एक विनंती आहे. ही चर्चा वाचून कुणाला आपल्याही मुलाची शंका आली, तर तपासणीपूर्वी घरच्या घरी गहू बंद करू नये. गहू खाणे चालू असतानाच रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांची (या आजारात वाढणाऱ्या प्रथिनांची) तपासणी आणि आवश्यक तेव्हा बायॉप्सी, म्हणजे आतड्याच्या अस्तराचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी, विश्वसनीय ठरते. आधी गहू सोडला तर निष्कर्ष खोटा नकारात्मक, म्हणजे आजार असूनही ‘नाही’ असा, येऊ शकतो.

ए-२०१ :
डॉक्टर, आपण दुधाचा मुद्दा काढलात म्हणून सांगते. पांढऱ्या सॉसच्या जागी पाव किलो लाल भोपळा वाफवून, भिजवलेल्या आठ-दहा काजूंबरोबर वाटून, पाण्याने सरसरीत केला तर तो ट्रेमध्ये छान मिळून येतो आणि रंगही सुंदर दिसतो.

बी-४०३ ताई, भांड्यांबाबतही सांगायला हवे. गव्हाचा पास्ता उपसलेल्या चाळणीच्या भोकांत चिकटलेले पीठ घासूनही जात नाही, त्यामुळे नवी चाळणी आणावी आणि तिला रंगीत दोरा बांधून ठेवावा. लाकडी चमचा, पोळपाट-लाटणे आणि चिरा पडलेला कटिंग बोर्डही वेगळा हवा. स्टील व काचेची भांडी नीट घासली की पुरते. लोण्याचा आणि चीजचा डबाही स्वतंत्र ठेवावा, कारण पावाला लोणी लावलेली सुरी परत त्याच डब्यात जाते आणि तेथेच घोटाळा होतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की मुलाला वेगळी वाटी आणि इतरांना गव्हाचा पास्ता असे करू नये. संपूर्ण घराने एकाच ट्रेमधून खावे. पास्ता नीट जमला तर चवीत कुणाला काही कमी वाटत नाही, स्वयंपाकघरातला धोका निम्म्याहून कमी होतो, आणि मुलाला आपल्यामुळे घरात वेगळे काही करावे लागते असे सतत वाटत राहत नाही.

सचिव :
ए-२०१ ताईंच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. गणेशोत्सवातील रविवारी गच्चीवर जे सामूहिक भोजन होते, त्यात पाव-भाजीबरोबर हा पास्ता सर्वांसाठीच ठेवता येईल का? साहित्याचा खर्च उत्सव निधीतून करता येईल.

ए-२०१ :
अवश्य. मी आणि बी-४०३ ताई मिळून चार ट्रे करू. मात्र ते टेबल पावाच्या टेबलापासून लांब असावे, वाढण्याचा डाव वेगळा असावा, वाढणाऱ्याने आधी पावाला हात लावलेला नसावा, आणि सिलिअ‍ॅक असलेल्या मुलाचे ताट सर्वांत आधी वाढले जावे. तीच ट्रे पुढे सगळ्यांसाठी खुली राहील.

ई-३०२ :
आमच्याकडे ओव्हन नाही. कढईत होईल का?

ए-२०१ :
होतो. जाड बुडाच्या पसरट भांड्यात थर लावून, खाली लोखंडी तवा ठेवून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर वीस मिनिटे ठेवावा. वरचा थर तपकिरी होत नाही, पण चीज छान वितळते. कुरकुरीतपणासाठी लाह्या वेगळ्या परतून वाढताना घालाव्यात.

बी-४०३ :
शेवटची शंका. उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी डब्यात देता येईल का? फ्रिजमध्ये तो दगडासारखा होतो.

ए-२०१ :
मका आणि तांदूळ यांचा स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होतो, म्हणून तो ताठरतो. गरम केल्यावर तो परत मऊ पडतो. एका वाढीवर दोन-तीन चमचे दूध किंवा पाणी शिंपडून, झाकण ठेवून वाफ येईपर्यंत गरम करावा आणि गरम राहणाऱ्या डब्यात भरावा. साध्या डब्यात तो दुपारपर्यंत पुन्हा कडक होईल, तेव्हा शाळेत त्या दिवशी दुसरे काही द्यावे आणि पास्ता संध्याकाळी घरीच संपवावा.