समुद्रात कयाक, पक्षी आणि अचानक फिरलेला वारा: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
आज कपडे काढायला गच्चीत गेले, गार वाऱ्याचा झोत अंगावर आला आणि मालवणजवळचं देवबाग आठवलं. ऑक्टोबर होता. मी, नवरा आणि तिथलाच एक दादा, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत वल्हवत गेलो. ऊन रखरखीत. वाळूवर पन्नासेक सुरय पक्षी, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे; वारा येतो तिकडे तोंड करूनच बसतात ते. चोच पिवळी म्हणजे मोठा तुरेवाला, नारिंगी म्हणजे छोटा, यावर आमचा वाद रंगलेला. तेवढ्यात वारा पडला, पाणी तेलासारखं. आणि बघता बघता अख्खा थवा वळून सह्याद्रीकडे तोंड करून बसला! दादाने तेवढंच पाहिलं, म्हणाला, "चला, आत्ताच निघूया." मागे पूर्वेला काळंकुट्ट. जाताना पंधरा मिनिटं लागली होती, परतताना पाऊण तास. किनाऱ्याला लागलो आणि वीज कडाडली.
तेव्हापासून पक्ष्याचं नाव नंतर, आधी तो कुठे तोंड करून बसलाय ते बघते.

तिरफळ
आक्टोबरात दुपारनंतर पाण्यात जावचाच नाय गो बाय. पाऊस जाता जाता गडगडता, नि येता तो डोंगराकडसून. सकाळचो मतलई वारो पण फसवो, जाताना पाठसून ढकलता, येताना दम काढता.

खंड्या७
दादाला नमस्कार सांगा!! आक्षीला मी कालवफोड्या बघत बसलो आणि भरती कधी पायाशी आली कळलं नाही. कयाक नव्हती, चालतच होतो. तरी लिहितोय.

सुमेधा_क
जुलैत गुहागरच्या वाळूत एक काळापांढरा पक्षी गळून पडलेला सापडला. सूटी टर्न. खोल समुद्रावरचा, पावसाळी वाऱ्याने किनाऱ्याला फेकलेला. खोक्यात, अंधारात ठेवला, वनखात्याला फोन केला. पहाटे गेला. अजून डोळ्यासमोर येतो.

रानजाई
सुमेधा, शांत कोपऱ्यात गेला गं, लाटांत नाही.

धुक्यातला
व्हँकुव्हरजवळ डीप कोव्हला निघालो तेव्हा ऊन, अर्ध्या तासात पाऊस, मग धुकं. किनारा दिसेना. पाण्यातून सीलचं डोकं वर आलं, आमच्याकडे बघून परत आत. वर कुठेतरी बाल्ड ईगल ओरडत होता, एवढ्या मोठ्या पक्ष्याचा आवाज इतका बारीक! मुलगी रडायची थांबली ते त्या आवाजाने.

आईचीलेक
देवबागला आईला न्यायचंय, गुडघे दुखतात. जमेल का?

रानजाई
कयाकमधून उतरताना त्रास होईल. होडीने न्या, फेब्रुवारीत, सकाळी. कुरवही असतात तेव्हा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाण्याला ओढ कमी.

तिरफळ
भांगाक मासळी कमी गावता पण. आमची आजी त्या दिवसांसाठी सुकट डब्यात भरून ठेवी.

आईचीलेक
सुकट चालेल! आई तर खूशच होईल.