मदत हवी आहे: थंडीत गट घेऊन पक्षी बघायला किती वाजता निघावं?

गोदाकाठची: रविवारी सोसायटीतल्या मंडळींना पुन्हा न्यायचंय. गेल्या खेपेला सहालाच पोचलो, तर पाण्यावर नुसतं धुकं. दुर्बिणीच्या काचांवर सारखी वाफ धरायची. एका काकूंनी शालीच्या टोकाने पुसून पुसून शेवटी दुर्बीण पिशवीत टाकली. दिसला काय, तर काठावर शेपटी हलवणारा एक धोबी पक्षी. आता सगळे "आम्ही नाही येणार" म्हणतायत. होळी तोंडावर आली तरी थंडी हटत नाही. किती वाजता निघू? गाडीवाल्याला आजच सांगायचंय.

थापट्या: पण कुठे? गंगापूर धरण की नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य? किती जण?

गोदाकाठची: नांदूर मध्यमेश्वरच हो! वीस जण.

बागाईतदार निफाड: ताई, आमच्याकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतायत, द्राक्षांचे घड सांभाळायला. धुई साडेआठशिवाय उठत नाही. आठनंतरच या.

पहाटपक्षी: अजिबात नको. क्रौंच उजाडताच पाण्यावरून उठून शेतांकडे जातात. तो थवा ओरडत डोक्यावरून जातो ते बघायचं तर अंधारातच पोचायला हवं.

बागाईतदार निफाड: धुक्यात आवाजच ऐकाल. वीस माणसं पुन्हा गारठवायची का?

भटक्या नाशिककर: त्यापेक्षा अंजनेरीला न्या, गिधाडं दिसतील. मी दरवर्षी जातो.

पहाटपक्षी: त्यांनी अंजनेरी विचारलीये का?

लेन्सवेडा: १५०-६०० ची लेन्स आणि मोनोपॉड घ्या. हाताने फोटो हलतो.

गोदाकाठची: फोटो नकोत मला. थंडी लांबलीये म्हणजे बदकं अजून असतील ना?

थापट्या: इथल्या गारठ्यावर विसंबू नका. त्यांची परतायची वेळ मुख्यतः दिवस मोठा होण्यावर ठरते, हवेने थोडी मागेपुढे होते इतकंच. पट्टकादंबांना, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेल्या हंसांना, हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जायचं असतं. येत्या रविवारीच जा, पुढे ढकलू नका. बाकी जांभळ्या पाणकोंबड्या आणि शेकाटे बारमाही आहेत, रिकाम्या हाताने येणार नाही. गटात वयस्कर किती?

गोदाकाठची: सात. दोघांचे गुडघे दुखतात, पक्षी बघायचा मनोरा चढवत नाही.

थापट्या: हे आधी सांगायचं! मग सगळी वरात मनोऱ्यावर नेऊच नका. पाच-पाच जणांनी आळीपाळीने चढा, बाकीच्यांनी काठावर थांबा, ऊन पाठीवर घेऊन. पक्षी उजेडात दिसतात आणि म्हाताऱ्यांना ऊबही मिळते. एक स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, तिवईवर लावला की न वाकता बघता येतं. आणि दुर्बिणी गाडीतून उतरल्यावर शालीखाली उबेत ठेवा, उघड्यावर गार होऊ देऊ नका. काच गार झाली की तिच्यावर श्वासाची वाफ जास्त धरते. गेल्या वेळी डोळ्यांच्या अगदी जवळ धरून त्यावर श्वास सोडत असाल, ते टाळा.

गोदाकाठची: तोंडावर मफलर होते सगळ्यांच्या, वाफ वर काचेवरच जात होती! गाडीवाल्याला पावणेसात सांगितलं. शनिवारपर्यंत नाशिकमध्ये स्कोप कुणी देईल का? भाडं देईन.