मदत हवी आहे : फ्रॉइडवरचे दोन आक्षेप एकमेकांनाच छेद देतायत

नमस्कार मंडळी,

पार्ल्यातल्या आमच्या वाचनगटात येत्या रविवारी 'मनोविश्लेषण हे विज्ञान आहे का?' यावर बोलायचंय (म्हणजे मनात दडपलेलं पेशंटला बोलतं करून उलगडायची फ्रॉइडची उपचारपद्धत). 'नाही' म्हणणार हे ठरलंय, पण का नाही, तिथेच गाडी अडलीय.

विज्ञानाचा तत्त्वज्ञ पॉपर याचा मुद्दा ऐकायला सोपा: जो सिद्धान्त खोटा ठरूच शकत नाही, तो विज्ञान नव्हे. एकजण मुलाला बुडवायला पाण्यात ढकलतो, दुसरा मुलाला वाचवायला जीव धोक्यात घालतो. फ्रॉइडवाल्यांकडे दोघांचं उत्तर तयार: पहिल्याचं दमन (नकोशी इच्छा मनात दाबणं), दुसऱ्याचं उदात्तीकरण (तीच इच्छा चांगल्या कामाकडे वळवणं). काहीही घडो, सिद्धान्त खराच. म्हणजे तो खोटा ठरायची सोयच नाही.

आता १९०९ची छोट्या हान्सची केस घ्या. व्हिएन्नातला पाचेक वर्षांचा पोरगा घोड्यांना घाबरून घराबाहेर पडेना. फ्रॉइडच्या मते घोडा म्हणजे बाप. घोड्याच्या तोंडाजवळचं काळं म्हणजे बापाच्या मिश्या, झापडं म्हणजे चष्मा! उपचार चालवले बापानेच, आणि तो फ्रॉइडचा चाहता. फ्रॉइड मुलाला त्यासाठी भेटला एकदाच. बसगाडीचा घोडा धाडकन पडताना पाहिल्यापासून भीती बसली, असं पोरगा स्वतः सांगत होता. वोल्पे आणि रॅकमन या दोन मानसतज्ज्ञांनी १९६०मध्ये नेमकं हेच धरून ही केस मोडीत काढली.

माझा घोळ असा: केस पुराव्याने मोडता येते, तर 'खोटं ठरवताच येत नाही' हे कसं म्हणू? तत्त्वज्ञ ग्रुनबाउमनेही १९८४मध्ये पॉपरला हेच सुनावलं. फ्रॉइडने लहानपणीच्या लैंगिक अत्याचारातून हिस्टेरिया (शारीरिक कारण न सापडणारे झटके, लकवा वगैरे) होतो हे आपलंच मत १८९७मध्ये सोडलं होतं, याकडे त्याने बोट दाखवलं. ग्रुनबाउमच्या मते खरी मेख पुराव्यातच आहे: उपचाराच्या कोचावरचा पेशंट डॉक्टरला हवं तेच बोलू लागतो. मला हे जास्त पटतं. मग पॉपरला सरळ वगळू, की सिद्धान्त तपासता येतो पण अनुयायी तो तपासू देत नाहीत, अशी फोड चालेल?

दुसरं, गटात एक निवृत्त डॉक्टरकाका आहेत. 'पेशंट बरे झाले त्याचं काय?' हे ते विचारणारच. मानसशास्त्रज्ञ आयसेंकने १९५२मध्ये सुमारे दोन तृतीयांश न्यूरोटिक (चिंता, भीती अशा त्रासांचे) रुग्ण अशा उपचारांशिवायही सुधारतात असं मांडलं होतं, पण त्याच्या आकडेमोडीवरही पुढे बरीच टीका झाली. ते वापरावं का?

मानसशास्त्रवाल्यांनी कृपया लिहा. पुस्तक सुचवलंत तर उत्तम, फक्त ठोकळा नको. चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने वाचायचंय.