मदत हवी आहे : मावसभाऊ जामिनावर सुटतोय, पहिले दोन आठवडे कसे सांभाळायचे?

नमस्कार मंडळी, मी नाशिकच्या सिडकोत राहतो. माझा मावसभाऊ (वय २६) एमडीच्या (मेफेड्रोन, उत्तेजक ड्रग) केसमध्ये सात महिने आत होता. जामीन झालाय, सोमवारी सुटेल. मावशीने त्याचा निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकलाय, मटणाचीही तयारी चाललीय. मला मात्र झोप नाही.

कारण असं की अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या, २००७ साली छापून आलेल्या अभ्यासाबद्दल वाचलं. तुरुंगातून सुटलेल्यांचा पहिल्या दोन आठवड्यांतला मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकांच्या जवळपास १३ पट निघाला, आणि सगळ्यात मोठं कारण ओव्हरडोस. त्यात कोकेनसारखी उत्तेजकंही होती. आत राहून शरीराची सवय मोडते, बाहेर येऊन माणूस जुन्याच मापाने घेतो. शिवाय हेरॉईनवर नॅलोक्सोन तरी आहे, एमडीवर तसा उतारा नाही. हृदय, ताप, फिट, सगळं त्या त्या वेळी सांभाळायचं.

याचे मित्र सातपूरच्या नाईट शिफ्टवाले. ‘एकदाच, सुटल्याच्या आनंदात’ म्हणणारे हेच. (पूर्वी घेऊन आला की रात्रभर दात खायचा, गालाचं आतलं कातडं सोललेलं असायचं.)

१४४४६ ही नशामुक्ती हेल्पलाइन माहीत आहे. पण नाशिकमध्ये एमडीचा अनुभव असलेला, घरच्यांशीही बोलणारा मानसोपचारतज्ज्ञ कोणी सुचवेल का? सुटल्या सुटल्या ईसीजी काढून घ्यावा का? आणि एनडीपीएसच्या (अमली पदार्थांचा कायदा) कलम ६४अ बद्दल, म्हणजे स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणाऱ्या तरतुदीबद्दल, वकिलाला नेमकं काय विचारू? घरात असं कोणी सांभाळलं असेल तर कृपया इनबॉक्समध्ये लिहा, मावशी या ग्रुपवर आहे.